कोंबड्याच्या पेटीतला मोह

२ फेब्रुवारी १९५७, राजुरा
आजपासून रोजनिशी. मराठीत, कारण उर्दू बेगम वाचते. जागीर गेली तरी मी मीर हशमत अली आहे. इलेक्शनला उभा राहून राह्यलो. समोर कोण, तर गुणवंतराव मास्तर! त्याच्या छत्रीलाही भोक आहे. सहा महिन्यांत मी मिनिस्टर. निश्चय: पान कमी, स्पीच रोज.

१० फेब्रुवारी
सिम्बॉल वाघ मागितला, मिळाला कोंबडा. ठीकच आहे. जगाला जागं कोण करतो? प्रचारासाठी एक जिवंत कोंबडा आणवला. त्याने पहिली चोच मलाच मारली. पान खाल्लं.

१७ फेब्रुवारी
बेगम रोज दुपारी मास्तरच्या बायकोकडे, आशाबाईकडे, विणकाम शिकायला जाते. हुशार बाई! दुश्मनाच्या घरातली खबर आणेल. अजून एक टाकाही दाखवला नाही, खबरही नाही. पॉलिटिक्समध्ये सब्र लागतो.

२६ फेब्रुवारी
जंगलातल्या गावात मीटिंग. गावचा म्होरक्या झिंगू, म्हातारा, जोडे काढून उभा. समजावलं: प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर ज्याचं त्याचं चित्र, आपला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. पण कोंबडा म्हटलं की बाया तोंडाला पदर लावून हसत. शेवटी माझा नोकर मुखरू ओरडला, पेटीले पेटी समजू नका, तिथं खुद आपले मीरसरकारच बसून हायेत असं समजा! झिंगूने हात जोडले. म्हणाला, समजलो, सरकारचा मान सरकारले भेटल. माझे डोळे भरून आले. ही माझी माणसं!

११ मार्च, मतदान
वाहवा! रांग हलता हलेना. एकेक जण पडद्याआड पाच-पाच मिनिटं. मुखरू म्हणे, इतका वेळ काऊन लागून राह्यला? अरे येड्या, मनापासून मत द्यायचं तर वेळ लागणारच. हारांची ऑर्डर दिली.

१४ मार्च, मोजणी
माझी पेटी उघडली आणि सगळ्यांनी नाकं धरली. आत मोहफुलं. आंबलेली. फटीतून एकेक ढकललेली, गच्च. तळाशी मतं दोन.

झिंगूला जाब विचारला. तो तर खुशीत! म्हणाला, पयला मोह सरकारचा, रिकाम्या हातानं तुमच्यापुढं कधी आलो नाई. मग कागद कुठे? तो मास्तरच्या पेटीत. काऊन? तर म्हणे, शिक्क्याचा कागद सरकारच्या हाती देऊ नये. बापानं एक दिला होता, आमच्या वावराचा. तुमच्या तिजोरीत गेला, तो अजून आला नाई.

इतक्या अदबीने सांगितलं की रागावताही येईना. कायद्याने तो कागद माझाच आहे. बहुतेक.

मतं दोन, घरात मतदार तीन: मी, बेगम, मुखरू. म्हणजे दगा मुखरूचा. रडला, पोरांची शपथ घेतली. नाटकं! उद्या नोकरीवरून काढतो.

१५ मार्च, दुपार
वही उघडली. कालच्या मजकुराखाली दुसरं अक्षर. मोठं, गोल, पहिलीतल्या पोरासारखं:

"मुखरूला काढू नका. मास्तरांना मत मी दिलं. आशाबाई विणकाम नाही, मराठी शिकवतात. तुमची वही रोज वाचते. तिजोरीतला कागद सकाळी झिंगूला दिला. कोंबडा शिजला आहे. जेवायला या."

गेलो. रस्सा चांगला झाला होता.