केलेपीमामाच्या पाठीतले धागे

नेयाफू, ४ मार्च

ती. केलेपीमामास,
शि. सा. न. (समोर असतास तर एवढी वाकले नसते.)

बातमी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. तुझी ठिपक्यांची डुकरीण मी नेली. आई म्हणाली, अगं, माणूस तिकडे इस्पितळात पडलाय आणि तू त्याचा डुक्करवाडा रिकामा करतेस? मी म्हटलं, मामाच्या मालावर भाचीचा हक्क आपल्या बेटावर आजे-पणज्यांपासून चालत आलाय. तो काही मामाच्या कण्याबरोबर मोडला नाही.

आता तुझ्या पाठीत नेमकं काय घातलंय ते नीट लिही. तुझ्याशी फोनवर बोलताना आई नुसती रडते, त्यातून काही कळत नाही. चर्चमध्ये सगळे मलाच विचारतात. मी सांगून ठेवलंय, की नाताळला मामा विमानातून स्वतःच्या पायांनी उतरणार. बँडवाल्यांनी तालीमसुद्धा सुरू केली. आणि तू ज्या नीरफणसावरून पडलास त्याला यंदा फळं लगडलीत. निर्लज्ज झाड.

तुझी हक्काची,
लोसेली

ब्रिस्बेन, २१ मार्च

चि. लोसेलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. डुकरिणीलाही कळव.

ती गाभण आहे, हे तुला सांगायचं राहून गेलं. हक्क दाखवलास, आता बाळंतपण कर.

माझं असं. कणा जिथे दुखावलाय तिथे डॉक्टर ब्रॉनविन यांनी सुईने एक पातळ औषध सोडलं. आत गेल्यावर त्याचे आपोआप धागे होतात. केस उभा चिरत बसलीस तरी इतका बारीक धागा निघायचा नाही. मी म्हटलं, म्हणजे आपण कोनफळाच्या वेलाला काठी लावतो तसंच की. त्या म्हणाल्या, तसंच, फक्त ही काठी स्वतःच उभी राहते, आणि वेल चढला की विरघळून जाते. वेल म्हणजे माझे तुटके मज्जातंतू.

वेल अजून चढलेला नाही. रोज सकाळी मी पायाच्या अंगठ्याला हलायला सांगतो. तो तुझ्यासारखा, काम सांगितलं की बहिरा. याच औषधाने धडधाकट माणसाची ताकद वाढते का, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुढेमागे तेही कुणीतरी करील. तुझ्या जिभेला मात्र लावू नका, असं मी बजावून ठेवलंय.

एक ऐक. मी पायांनी उतरेन असं इथं कुणीही म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस.

डुकरिणीवर करशील त्याच्या निम्मा लोभ मामावरही कर.
केलेपी

नेयाफू, १२ जून

ती. मामास,
शि. सा. न.

उशीर झाला. सांगायचं होतं ते सांगून झालंय, आणि आता ते माझ्याही हातात नाही. विमानतळावर तू पहिलं पाऊल टाकशील तेव्हा कोणतं गाणं वाजवायचं, यावर बँडमध्ये दोन तट पडलेत. आई तुझ्यासाठी नवी चटई विणतेय, विमानाच्या जिन्यापासून अंथरायला.

पिल्लं झाली. एकाचं नाव केलेपी ठेवलंय, कारण तेही पोट भरलं की घोरतं.

तिकडे यंत्राचे पाय मिळतात म्हणे, ते चढवले की माणूस बैलासारखं ओझं ओढतो. तेही लावून ये. तुझी होडी वर ओढायला दरवेळी अर्धा गाव गोळा करावा लागतो.

तुझ्या हट्टीपणासकट तुझ्यावर लोभ असणारी,
लोसेली

ब्रिस्बेन, ९ सप्टेंबर

चि. लोसेलीस,
अ. उ. आ.

हे पत्र आईला वाचून दाखवताना दुसरा परिच्छेद गाळ. वेल चढला, पोरी! आधी डाव्या टाचेला खाज सुटली. हात पोचेना म्हणून परिचारिकेला हाक मारली, तर ती खाजवायचं सोडून डॉक्टरांना बोलवायला पळाली. मग सगळे माझ्या टाचेभोवती जमले, आनंदाने बघत राहिले, आणि खाजवलं कुणीच नाही.

गाळायचा तो हा. लघवीला लागलेलं आता मला कळतं, आणि धरता येतं. पडल्यापासून नळी आणि पिशवी होती. ती काढली त्या दिवशी न्हाणीघराचं दार मी स्वतः लावलं आणि आत कितीतरी वेळ बसून राहिलो. तू हस. मला रडू आलं होतं.

आता मुख्य गोष्ट. पट्टे बांधून मी उभा राहतो. चालता येत नाही, आणि येईल असं दिसत नाही. पुन्हा सुई देऊन बघता येईल. पाय कदाचित उचलता येईल, कदाचित परत आलंय तेही जाईल. खात्री नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं आणि निवड माझ्यावर सोडली. मी नको म्हटलं. यंत्राचे पायही चढवून पाहिले. त्यांनी मी तुझ्या आईसकट होडी उचलेन. पण ते वाळूत रुततात आणि खाऱ्या पाण्याने गंजतात. आपल्याकडे दुसरं आहे काय?

म्हणजे नाताळला मी येतोय, खुर्चीत बसून. भित्रा म्हणायचं तर म्हण. पण तू पेरलेल्या बढाया मी येण्याआधी तूच उपटून ठेव.

आहे तसा तुझा,
केलेपीमामा

नेयाफू, १८ ऑक्टोबर

ती. मामास,
शि. सा. न. (यावेळी खरोखर.)

पत्र वाचून मी तुझ्यावर भयंकर चिडले. भित्रा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते पिल्लांनी ऐकून घेतलं. मग दुसरा परिच्छेद पुन्हा वाचला आणि म्हटलेलं सगळं पिल्लांसमोरच परत घेतलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, गाळायचं ते गाळून. बँडमास्तर बुटांकडे बघत बसले. शेवटी तोआकासे आजी खेकसली, की मेल्यांनो, सभेत कावाची मुळी घोटून प्यायला बेटाचा सरदार येतो तेव्हा उभा असतो का बसलेला? त्याच्यासमोर जो उभा राहतो त्याला आपण उद्धट म्हणतो. मग केलेपीलाच उभं करायची एवढी घाई कशाला? त्यावर इतकं हसू फुटलं, की पाद्रीबाबांना पुन्हा एक प्रार्थना घ्यावी लागली.

आता चर्चच्या पायऱ्यांवर उतार बांधताहेत. सुतार एक म्हणतो, कोळी दुसरं. उतार पारखायला मला ढकलगाडीत बसवून सोडलं. मी थेट पाद्रीबाबांच्या केळीत. उतार आता कमी करताहेत. आजीने लिफुका बेटावरच्या एका विधवेलाही स्थळ म्हणून तुझं सगळं कळवलंय, खुर्चीसकट. तिचा निरोप आलाय, की पहिला नवरा चांगला चालता होता, तो घरात कधी सापडलाच नाही.

आईला तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं, गाळायचंही. राग मानू नकोस. ती रडली नाही. म्हणाली, तू पडलास तेव्हा झाडाखाली तुझ्या नाकाशी हात धरून ती बसली होती, श्वास लागतोय का बघत. लागला. तेव्हापासून तिने देवाकडे दुसरं काही मागितलेलंच नाही. मागत होते ते मीच.

लोभ होता तसाच घेऊन ये, मामा. बसून ये.

तुझी,
लोसेली