शेषराव पाटलाचे घड्याळ आणि माझा उजवा हात

मुक्काम उंद्री, तालुके चिखली
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप पंजाबमामांच्या पायांवर भाचा इंद्रभान याचा, डावा आणि उजवा असे दोन्ही हात टेकून, दंडवत. (दोन्ही हात असे मुद्दाम लिहिले आहे. दिवाळीच्या पत्रातला दंडवत एकाच हाताचा होता, आणि ते पत्रही मास्तरांकडून लिहून घेतले होते. मास्तरांनी त्यात स्वतःची दोन सुभाषिते घुसडली, ती माझी समजू नयेत.)

इकडे सर्व सुखरूप आहेत. आपला खोकला कसा आहे? जिनिंगच्या कारखान्यातली कापसाची धूळ फार वाईट. रोज सकाळी गूळ-सुंठीची गोळी घ्यावी, असे मी म्हणत नाही, कौशल्या म्हणते. हल्ली या घरात ती म्हणते ते मी लिहितो. असे का झाले तेच सांगायला हे पत्र आहे. अक्षर वाकडे आहे, पण प्रत्येक अक्षर माझ्या उजव्या हाताने काढलेले आहे. पत्र लिहायला आज सहावा दिवस आहे.

मला घड्याळे उघडण्याचा नाद आहे हे आपण जाणता. (बंद करण्याचाही आहे, पण तो इतका तीव्र नाही, असे घरात मत आहे.) पोटासाठी जवारी आणि कपाशी, जिवासाठी घड्याळ, असे माझे अठरा वर्षे चालले होते. तर पोळा झाल्यावर आमचे शेषराव पाटील आपल्या बैठकीतले भिंतीवरचे मोठे घड्याळ उपरण्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. ते चार वाजून वीस मिनिटांवर थांबले होते. पाटलाच्या लेकीचे, कोकिळेचे, लग्न फाल्गुनात नांदुऱ्याच्या घरी ठरलेले. वरपक्ष रेल्वेच्या गावचा, म्हणून पाटलाने त्यांना ऐटीत सांगून टाकले की आमच्या मांडवात मुहूर्त घड्याळावर लागेल. घड्याळ बंद आहे एवढे मात्र सांगायचे राहिले. म्हणाले, "इंद्रभान, माही इज्जत तुह्या हातात हाये." मामा, माणसाने असे शब्द जपून वापरावेत.

मोठे घड्याळ उघडताना आधी कमान, म्हणजे आतली गुंडाळलेली पोलादी पट्टी, सैल करून उतरवायची आणि मग पेच काढायचे, हा पहिला नियम. मी तो दुसरा केला. त्या कमानीत आठ दिवस कोंडलेले असतात. एकदा चावी दिली की थेंबाथेंबाने आठ दिवस पुरवायचे, हा तिचा धर्म. ते आठही दिवस पापणी लवायच्या आत बाहेर पडले आणि माझ्या बोटांवर आदळले. चावी भिरभिरली, चाके उधळली, मी स्टुलावरून मागे गेलो आणि मनगट माझ्याच अंगाखाली आले. कडकन आवाज झाला तेव्हा प्रथम वाटले, पाटलाचे काही मोडले. मग हाताकडे पाहिले. तो मनगटापाशी वळून दुसऱ्याच गावाला निघाला होता. दुखले ते नंतर. आधी मी थक्क झालो, की पोलादाच्या एका पट्टीत एवढा काळ मावतो.

उंबऱ्यात कौशल्या तूर पाखडत होती. तिने सूप टाकले, मला पाणी पाजले, माझा हात लुगड्याच्या पदराने बांधला, आणि जाताना उधळलेली चाके गोळा करून परातीत ठेवून वर फडके घातले. मग ती मळ्यात पळाली आणि गोजरबाईला घेऊन आली. गोजरबाई आपण पाहिली नसेल. वांगी आणि मेथी पिकवते, बाजारात एका वांग्यासाठी अर्धा तास भांडते, आणि पंचक्रोशीतली मोडलेली हाडे बसवते. तिने माझा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. बोटे अशी फिरवली, की जणू माझ्या हाताच्या आत दिवा घेऊन कोणी चालते आहे. "हे हाड इथं, हे तिथं, आन् हे बारकं उगाचंच उभं राह्यलं," असे पुटपुटली. मग मला विचारले, "बापू, तुह्या पऱ्हाटीले औंदा बोंडं कशी लागली?" मी सांगायला तोंड उघडले आणि तिने ओढले. मामा, ती किंकाळी तिकडे आपल्या मलकापुरात आली असेल. पण डोळे उघडून पाहतो तो हात सरळ. आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, वर घट्ट फडके. पुढे चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवला, तर त्यांनी दोनदा चाचपून विचारले, हे कोणी बसवले? मी म्हटले, एका माळणीने. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

सव्वा महिन्याने फडके सोडले. आतून निघाला तो हात माझा नव्हताच. बारीक, पांढरा, कोणा आजारी पाहुण्याचा असावा तसा. मी बोटांना म्हटले, वाका. कोणी वाकेना. माझ्या ध्यानात आले, की बेचाळीस वर्षांत मी बोटांना कधी हुकूम दिलाच नव्हता. सदऱ्याचे बटण लावायचे मनात यायच्या आत ती कामाला लागलेली असत. कोणत्या बोटाने काय करायचे हे त्यांनी आपापसात कधी ठरवले, देव जाणे. एवढे शहाणे पाच गडी घरात राबत होते आणि धन्याला त्यांची विद्या ठाऊक नव्हती! गोजरबाई म्हणाली, "हाड म्या बसवलं. आता बोटाईले तुले समजावनं पडीन. लेकरावानी. मारून नाई."

समजावू लागलो. रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्यात हात, मग एरंडेल चोळणे, मग चिकणमातीचा गोळा दाबणे. गोळा दाबला जात नसे, माझे दात मात्र दाबले जात. कार्तिकातल्या एका सकाळी करंगळी हलली. किती? तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी. मी ओरडलो. कौशल्या गोठ्यातून शेणाच्या हातांनी धावत आली. "पुन्ना करा," म्हणाली. मी केले, तर हलेना. तिने तिथेच बसकण मारली. म्हैस हंबरत राहिली, पण ही उठली नाही. बऱ्याच वेळाने करंगळी पुन्हा तेवढीच हलली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मामा, आणि सांगायला लाज वाटते, पण मी रडलो. पहिले पोर चालले तेव्हाही मी रडलो नव्हतो. (तेव्हा मी घड्याळ उघडून बसलो होतो.)

मातीनंतर दाणे. एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत चिमटीने तूर टाकायची. तूर जमली की मूग, मूग जमला की तीळ, असा गोजरबाईने अभ्यासक्रम लावून दिला. शंभर तुरी उचलायला मला दुपार लागे. एकदा सत्याण्णव झाल्या होत्या, मी घाम पुसायला वळलो, तेवढ्यात आमच्या लाल कोंबडीने येऊन माझी दुपार फस्त केली. तिला मी हाकलले नाही. तिची चोच पाहत राहिलो. एक दाणा चुकत नव्हता!

शेषराव पाटील रोज संध्याकाळी ओट्यावर येत. "हात कसा हाये?" असे मला विचारत आणि पाहत परातीकडे. पौषात त्यांची दाढी वाढली. माघात ते हाताचे विचारीनासे झाले. एवढ्या पंचक्रोशीत हे घड्याळ जोडणारा दुसरा कोणी नाही. आगगाडीने कुठे दूर धाडायचे, तर त्या मार्गावर जागोजागी वरपक्षाच्याच ओळखी आणि सारे उघडे पडायचे. मला झोप लागेना ती दुखण्याने नव्हे. अठरा वर्षे ज्या हाताच्या जिवावर मी गावात मिरवलो, तो हात आता मूग उचलून दमत होता.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मी परात पुढे ओढली. आपण हे काम कधी पाहिले नसेल, म्हणून सांगतो. दोन पितळी पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये चाके उभी करायची. प्रत्येक चाकाच्या आसाचे टोक वरच्या पत्र्याच्या आपापल्या भोकात एकाच वेळी गेले पाहिजे. पंगतीला पोरे बसवण्यासारखे आहे. एकाला बसवावे तर दुसरे उठते. एका हाताने पत्रा अलगद धरायचा आणि दुसऱ्याने टोके हलवायची. माझा उजवा हात थरथरला आणि पंगतच्या पंगत आडवी झाली. सकाळपासून दुपारपर्यंत अकरा वेळा मांडले, अकरा वेळा मोडले. शेवटी मी पेचकस खाली ठेवला आणि म्हटले, "कौशल्ये, पाटलाले सांगून ये, माह्याच्यानं होत नाई."

ती भाकरी थापत होती. हातांचे पीठ झटकून उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "सरका तिकळे." मी म्हटले, "हे काय भाकर हाये?" तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक चाक उचलून मांडू लागली. मी सांगायच्या आत! "तुले कसं ठाऊक कोनतं कुठं?" तर म्हणे, "त्या दिशी तुमी काढत होते, मी उंबऱ्यात नव्हती काय? पाहून राह्यली होती." भाद्रपदात पाहिलेले तिला फाल्गुनात आठवत होते, तेही तूर पाखडता पाखडता. वरचा पत्रा ठेवून तिने आकड्याच्या टोकाने एक टोक ढकलले, दुसरे ढकलले, श्वास रोखला आणि मनगट किंचित हलवले. पत्रा टक् करून खाली बसला. सगळी पंगत एकदम बसली. मामा, वीस वर्षे त्या हाताची भाकरी मी खातो आहे. तो हात मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला.

आता कमानीला चावी द्यायची होती. ते तिने केले नाही. "हे तुमचं," म्हणाली आणि मागे सरकली. ज्या चावीने माझा हात मोडला तिला मला त्याच हाताने धरायचे होते. धरली. मूठ पुरती मिटत नाही, मधून चिमणी जाईल एवढी फट राहते. पहिला फेरा दिला तेव्हा आतल्या पोलादाने माझा हात ओळखला असे वाटले. दुसरा. तिसरा. चौदा फेरे दिले. लंबकाला बोट लावले आणि टिक झाले. मग बराच वेळ आम्हाला वाटले, की झाले ते एवढेच. आणि मग टक झाले.

लग्नाच्या सकाळी पाटलाने मलकापूर स्टेशनावरून खिशातल्या घड्याळात वेळ मागवली. आणणारा गडी पुंजाजी छातीवर हात ठेवून असा आला, की जणू खिशात काठोकाठ भरलेले दूध आहे. मुहूर्त अकरा वीसचा. आमच्या जोशीबुवांचा यंत्रावर विश्वास नाही. त्यांनी आपले भोकाचे तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडून ठेवलेच होते, ते बुडेल तेव्हाच मुहूर्त. अकरा वाजले. भर मांडवात घड्याळाने ठोके दिले: चार. (ठोक्यांचे चाक तेवढे तिने माझ्या सांगण्यावरून बसवले होते.) नवरीची आजी सुभद्राबाई "मुहूर्त टळला वो माय!" म्हणून रडू लागली, वरपक्ष उठून उभा राहिला, आणि शेषराव पाटलाने माझ्याकडे असे पाहिले, की दुसरा हातही मोडावासा वाटला. तेवढ्यात बायकांतून कौशल्येचा आवाज आला. चारचौघांत कधी न बोललेली बाई ती. "ठोक्याले काय आयकता? काट्याले पाहा!" सारा मांडव काट्याकडे वळला. मंगलाष्टके सुरू झाली तरी वीस मिनिटे कोणी तिथून नजर काढली नाही. काटा विसाच्या खुणेवर टेकला आणि जोशीबुवांचे पात्र गुडुप करून बुडाले. दोन्ही एकाच श्वासात! जोशीबुवा घड्याळाकडे पाहतच राहिले, मंगलाष्टकाचा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. मीही अक्षता टाकल्या. उजव्या हाताने. तीन-चार दाणे मुठीतच राहिले, कारण बोटे अजून पुरती उघडत नाहीत. ते मी तसेच घरी आणले.

एकंदरीत हात बरा आहे. नाडी, बटण, भाकरीचा तुकडा आणि हे पत्र, एवढे त्याला येते. गोजरबाई म्हणते, पुढच्या पोळ्यापर्यंत मूठ मिटेल. मी घाई करीत नाही. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि आपला आशीर्वाद या हातावर असू द्यावा.

आपला भाचा
इंद्रभान

ता. क. : आपल्याकडे मुंबईची गाडी थांबते आणि दुकानेही मोठी आहेत. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसले एक भिंग पाहून धाडावे. हात थोडा मंद झाला असल्याने डोळ्याला तेवढीच मदत.

दुसरा ता. क. : भिंग लहान डोळ्याला बसेल असे पाहावे. माझ्या डोळ्याला नको आहे. लग्नापासून घरी चार घड्याळे आली. आणणारा प्रत्येक जण दारातून मला ओलांडून आत पाहतो आणि विचारतो, "वहिनी हाये काय घरी?" मी "हाव" म्हणतो आणि पाट मांडून देतो.

तिसरा ता. क. : मामींचे शिवणाचे यंत्र दोरा तोडते असे कळले. मी शनिवारी येऊन उघडणार होतो. हे पत्र वाचून दाखवल्यावर ही म्हणते, "मामाले लिहा, मी येते. हे फकस्त पिशवी धराले येतीन." लिहा म्हणाली म्हणून लिहिले. पिशवी मी उजव्या हातात धरीन.