गळ्यात ओळखपत्र

मंगळवार, संध्याकाळ

दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला गेलो एकदाचा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आकुर्डी सोडून मुद्दाम काळेवाडी गाठली. पण शिफ्ट सुटल्यावर थेट गेलो, तर कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. काढायचं तरी सुचावं की नाही? मागे बसून गुपचूप निसटायचा बेत होता.

"इथं नाव सांगायची सक्ती नाही," बैठक चालवणारे काका माझ्या छातीकडे बघत म्हणाले.

शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "राहू द्या काका, यांचा रक्तगटपण कळला."

सगळे हसले. मीही. मग उभं राहणं सोपं गेलं. "चार दिवस झाले, घेतलेली नाही," एवढंच बोललो. टाळ्या पडल्या.

इतकी वर्षं कंपनीत साहेबांच्या नकला करून टाळ्या घेतल्या. खरं बोलून मिळालेल्या या पहिल्याच.