तिच्या जॉबला लागलेला माझा हात

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. शहापुरात दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला पत्र कोण लिहितं? आज रविवार, आमचं प्रशिक्षण केंद्र बंद आहे. वर्कशॉपमधल्या टेबलांवरचे लोखंड पकडायचे सगळे व्हाइस रिकामे आहेत आणि मी हजेरीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून लिहायला बसलोय. तुमच्या हाताखाली फिटर झालेला मी आता पोरांना फिटरकाम शिकवतो, हे तुम्हाला माहीत होतं. कसं शिकवतो ते तुम्ही कधी पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर दारातूनच परत गेला असतात.

आमच्याकडे आता निम्मी पोरं बाहेरची असतात. कुणाचा बाप बिहारमधून मुरबाडच्या कारखान्यात आलेला, कुणाची आई ओडिशातून वीटभट्टीवर. तीन-चार शाळा बदललेल्या, दहावी कशीबशी पदरात पडलेली, आणि पुढे काय करायचं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. आम्ही वर्षभरात त्यांच्या हाताला एक काम शिकवतो आणि मग कंपन्यांच्या दारात नेऊन उभं करतो. गेल्या वर्षी त्यांत एक मुलगी आली, नेपाळची. किन्हवलीच्या पुढे एका फार्महाऊसवर तिचे वडील राखण करतात, शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे आले की आई स्वयंपाक आणि भांडी करते. पाचवीत इथे आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. दहावीला मराठीत तीच वर्गात पहिली. बोलते मात्र थेट किन्हवलीच्या पोरींसारखी. दाखल्यावर जन्मगाव नेपाळमधलं आणि अधिवासाचा कागद नाही, म्हणून सरकारी आयटीआयमध्ये तिचा अर्ज अडला आणि ती आमच्याकडे आली. वडील सोबत होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, मालिक बोलते हैं, स्कूल हो गया, अब इसको भी बंगले पे लगा दो. एक बार लग गई ना, फिर नहीं निकलेगी." मी छातीठोकपणे म्हटलं, तिला कंपनीत लावून देतो, माझ्यावर सोडा. 'माझ्यावर सोडा' ही माझी जुनी खोड.

तुम्ही असं कधी कुणाला म्हणाला नाहीत. तुम्ही शिकवताना हात पाठीमागे बांधून उभे राहायचात. लोखंड घासायची कानस कशी धरायची ते एकदा, तुमच्या स्वतःच्या तुकड्यावर दाखवायचात, आणि मग पोराच्या जॉबला, त्याच्या हातातल्या लोखंडाच्या तुकड्याला, बोटसुद्धा लावायचा नाहीत. आम्हाला तो तुमचा गर्व वाटायचा. माझ्या परीक्षेच्या आधीचा तो रविवार आठवतो? दोन तुकड्यांच्या जोडाचा जॉब होता, एकाला खाच, दुसऱ्याचं टोक त्या खाचेत बसवायचं. उजेडासमोर धरलं तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. माझ्या जॉबमधून तर अख्खा सूर्य दिसत होता. तो रुमालात बांधून मी डोळखांबहून, तेव्हा आमचं घर तिकडे होतं, पहिल्या एसटीने तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मोड आलेले वाल सोलत होता, काकू अंघोळीला गेल्या होत्या. मी म्हटलं, सर, फक्त दोन हात मारून द्या. तुम्ही रुमालाकडे पाहिलंही नाहीत. "बस. सोल," म्हणालात. मी अर्धा तास वाल सोलतोय, बोटं बुळबुळीत झालीत, रडू येतंय, आणि तुम्ही आपले सोलताय. शेवटी म्हणालात, "माझा हात लागला का तो जॉब माझा झाला. मंग कंपनीत कोन जानार रे, तू का मी?" त्याच वालांचं बिरडं आणि भात खाऊ घालून तुम्ही मला परत पाठवलंत. परीक्षेत माझा जॉब एका बाजूने फटीसकट पास झाला. तुमचा राग मात्र मी पुढे पाच-सहा वर्षं मनात ठेवून होतो. हेही तुम्हाला माहीत नसेल.

आता माझं ऐका. या मुलीचा हात चांगला होता, पण सावकाश. पाहुणे येऊन गेले की सोमवारी यायची नाही, मागच्या आवराआवरीला आईच्या मदतीला राहायची. वर्षअखेरीला मुरबाडच्या एका कंपनीने ट्रेनी घ्यायचे ठरवले आणि प्रत्येकाने आपला जोडाचा जॉब घेऊन यावं असं कळवलं. तिच्या जॉबला अजून चार दिवसांचं काम होतं आणि हातात दोनच दिवस होते. मी म्हटलं, दे इकडे. चार हात मारतो म्हणून घेतला आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही. ती बाजूला उभी होती. एकदा म्हणाली, "सर, मी करते ना." मी म्हटलं, थांब गं. खरं सांगू? मला मजा येत होती. इतक्या वर्षांनी असा जोड माझ्या हातून बसला होता, केसाइतकी फट नाही. तुकड्यावर मात्र तिचा हजेरी नंबर आधीच ठोकलेला होता.

कंपनीत तिचा जॉब या हातातून त्या हातात फिरला. तिथल्या वर्कशॉपचे इंजिनीअर वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, शांत माणूस. त्यांनी तो खिडकीकडे धरला, फिरवला, पुन्हा धरला आणि मला विचारलं, "पूर्ण हिनेच केलाय?" मी म्हटलं, "हो तर." काय सहज निघालं तोंडातून! ते तिला म्हणाले, "मग याच मापाचा एक आमच्याकडे करून दाखवशील? घाई नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची सुरक्षेची पाटी वाचायला लागलो. मग ती म्हणाली, "साहेब, सुरवात माझी हाय. शेवट सरांनी केला. मला एवढा नाय जमत अजून." तिथे आमची आणखी पाच पोरं उभी होती. कुणी हसलं नाही, तेच मला जास्त लागलं. इंजिनीअरनी तो जॉब माझ्या हातात ठेवला. तिला म्हणाले, "पंधरा दिवसांनी ये. लोखंड आमचं, कानस तुझी."

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. सरळगाव मागे पडलं. मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होतो: परमुलखातली पोर, बंगल्यावर अडकली असती, मी केलं ते तिच्यासाठीच. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, मला जमनार नाय असं तुमाला वाटलं ना?" रागाने नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, वेळ कमी होता गं. ती म्हणाली, "शाळेत पन बाई माझा निबंध सोताच पुरा करायच्या. चांगल्या होत्या बाई." आणि किन्हवलीला उतरून गेली. माझा चेहरा असा तापला की मी शहापूर येईपर्यंत खिडकीची काच बंद केली नाही. तिची कीव करता करता मी तिच्यावर विश्वास ठेवायचं विसरून गेलो होतो, सर. इथली पोरं चुकली की मी खेकसतो, पुन्हा करायला लावतो. बाहेरच्यांचं मी स्वतः करून देतो आणि त्याला माया म्हणतो. असे किती जॉब गेल्या काही वर्षांत माझ्या हाताने पुरे झाले आणि त्यांतली किती पोरं महिन्याभरात कंपनीतून परत आली, ते आता एकेक आठवायला लागलंय. तेव्हा मी म्हणायचो, या पोरांना टिकायचंच नसतं.

ते पंधरा दिवस ती रोज पहिल्या बसने आली, सोमवारीसुद्धा. वडिलांनी मालकांना काय सांगितलं कुणास ठाऊक. मी तुमच्यासारखा उभा राहिलो. सोपं नाही हो ते. तिची कानस एका अंगाला कलते आहे, मला दिसतंय, हात शिवशिवतायत, आणि मी फक्त म्हणायचं, गुण्या लावून काटकोन बघ. दोन जॉब तिने भंगारात टाकले. कंपनीतल्या परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर निघायला लागलो तर म्हणाली, "तुमी नका येऊ सर." मी वर्कशॉपमध्येच बसून राहिलो. दुपारी फोन आला, "एका बाजूनं उजेड दिसतोय थोडा. पन घेतलं सर, घेतलं!" मागे तिच्या वडिलांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी नेपाळीत मोठमोठ्याने सांगत होते.

गेल्या सोमवारी ती कामाला लागली. आदल्या शुक्रवारी केंद्रावर आली, आईने तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोल कड्या दिल्या होत्या, सेल म्हणतात त्याला. माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला, सुखी रहा म्हटलं, बसची वेळ विचारली, डबा नेणार का विचारलं. एवढंच. जे बोलायचं होतं ते मी सेलच्या तुकड्याबरोबर गिळलं.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, सर, तुम्ही काही उलट बोलणार नाही. पण तुमची माफी मागून काय होणार? मागायची आहे ती तिची, आणि ती इथून बसने तासाभराच्या आत राहते. एवढी पानं मी चुकीच्या माणसाला लिहिली. तिला मराठी चांगलं वाचता येतं.