चौथ्या मजल्यावरचं दार

७ जानेवारी
सुनेत्राने खुब्याचं हाड मोडून घेतलं. बाल्कनीत टॉवेल वाळत घालताना. धाकटी बहीण असून सगळं माझ्या आधी करते.

गिरगावातलं ट्रस्टचं इस्पितळ. चौथा मजला, शेवटची खाट. खाटेला लागून दार, वर हिरवी पाटी – आपत्कालीन मार्ग – आणि पळणारा माणूस. दारापुढे देव. लाकडी मखर, लाल दिवा, गणपती, दत्त, साईबाबा. म्हणजे आग लागली की आधी दर्शन, मग पलायन.

९ जानेवारी
ऑपरेशन नीट झालं. मग इन्चार्ज सिस्टरना गाठलं. वैदेही सिस्टर.
‘हे मखर इथून हलवा.’
‘देव कसे हलवायचे, आजी?’
‘मी तुमची आजी नाही.’
‘बरं, मॅडम. पण देव आहेत तिथे बरे आहेत.’

शाळेत आमच्या नन्स अधूनमधून आगीच्या सरावाची घंटा बडवायच्या आणि आम्ही ओळीने मैदानात. त्यांचा देवावर कमी विश्वास नव्हता. पण येशूला त्यांनी कधी दारात उभं केलं नाही.

१० जानेवारी
सुनेत्रा म्हणते, ‘गप्प बस गं. कालपासून मला इंजेक्शन जोरात टोचतात.’

१२ जानेवारी
आज व्यवस्थापक. शंतनु नावाचा गुळगुळीत मुलगा. ‘मॅडम, आमचा डिझास्टर प्लॅन एकदम रेडी आहे.’ भिंतीवर फ्रेम केलेला नकाशा दाखवला. चौथ्या मजल्याच्या त्या दारामागे थेट रस्त्यापर्यंत उतरणारा रॅम्प! खाटसुद्धा जाईल एवढा रुंद. आणि हे लोक त्यापुढे उदबत्त्या लावतात.
‘शुक्रवारी सकाळी मॉक ड्रिल आहे. तुम्ही बघाच.’
बघणारच आहे.

१३ जानेवारी
सुनेत्राला व्हीलचेअरवर बसवायला लागले. तिला नीट समजावलं – काही झालं तर लिफ्टकडे बघायचं नाही. मी खुर्ची ढकलत तुला या दारातून सरळ खाली नेईन.
‘तू नेशील म्हणूनच भीती वाटते,’ म्हणाली. पण झोपताना तिने माझा हात धरला, ‘नक्की नेशील ना?’
नक्की म्हटलं.

१५ जानेवारी
सिस्टरना पुन्हा बोलले. त्यांनी मखराला नवा हार घातला.

१६ जानेवारी
भोंगा वाजला. अख्खा वॉर्ड लिफ्टपाशी जमला. मी मखर बाजूला सरकवलं, कडी काढली, सुनेत्राची खुर्ची दाराला लावली आणि गुडघ्याने दार ढकललं.

रॅम्प नव्हता. काहीच नव्हतं. समोरच्या टॉवरच्या बाल्कनीत एक गृहस्थ दात घासत होते. खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्यावर.

वैदेही सिस्टर धावत आल्या, मागून खुर्ची ओढली. धापा टाकत म्हणाल्या, ‘टॉवरला जागा दिली तेव्हा रॅम्प पाडला. रस्ता बंद अशी पाटी मला लावू देत नाहीत, कागदावर रॅम्प आहे ना अजून. देव बसवले तर कोणी काढत नाही.’

खालून शंतनुने माइकवर ड्रिल यशस्वी झाल्याचं सांगितलं. त्याच्याकडे उद्या जाणार आहे.

मखर मीच परत जागेवर नेलं. सुनेत्रा घरी येईपर्यंत देवांना रोजचा हार माझ्याकडून.