हळदीकुंकवाचं बक्षीस

१७ जाने.
कारखान्यात हळदीकुंकू. सातिवलीला इथे कामाला एवढी वर्षं जातेय, शेठनी यंदाच ठेवलं. तिळगूळ, गजरे आणि खेळ: पाच मिनिटांत जास्त स्विच कोण जोडतं? सुपरवायझर मोबाइलवर वेळ लावून उभा. शेजारच्या टेबलावरच्या सुशीलाकाकू सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या, "मनीषा, हान!" मी पहिली!! कॅसरोल मिळाला. माझ्यासाठी टाळ्या कधी वाजल्या होत्या, आठवत नाही.

२२ जाने.
स्विचच्या पेटीमागचा दर उतरवला. जुना पगार हवा तर दीडपट पेट्या. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "मनीषा कर सकती है, तो सब कर सकते हैं." मान वर करवेना. अहो, पण ती पाच मिनिटं होती. दिवसभर मला तरी...

२३ जाने.
सासऱ्यांना सांगितलं. गिरणीत युनियनचं काम केलेला माणूस, चिडतील वाटलं. चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दर ठरवायला घड्याळवाला आला की हात जड करायचा, मुद्दाम सावकाश चालवायचा. खात्यात नवा आला की आधी हे शिकवायचो. तुला शिकवायचं राहिलं." तेव्हा युनियनला विचारल्याशिवाय दराला हात लावायची कुणाची टाप नव्हती म्हणे. पुढे संप लांबला, गिरणीच गेली. चहा तसाच ठेवून आत गेले.

३० जाने.
मी डबा उघडला की बायका उठतात. "कॅसरोल नाही आणला?" समोरच्या टेबलावरची रेश्मा म्हणाली. संडासात जाऊन रडले.

५ फेब्रु.
सुशीलाकाकूंना कामावरून काढलं. बोटं आखडतात, पेट्या भरत नव्हत्या. गेटवर माझा हात धरून म्हणाल्या, "तुजा काय दोस, बाय? तुजा हात चालतो, माजा नाय चालत." त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ फेब्रु.
आज काकूंच्या वेगाने काम केलं. मुद्दाम. अवघड जातं, हात आपोआप पळतात. सुपरवायझर आला, "तबियत ठीक नहीं?" म्हटलं, "ठीक आहे. हात एवढाच चालतो." रेश्मा बघत होती. तिचाही हात मंदावल्यासारखा वाटला. की दमली होती?
घरी आल्यावर सांगितलं, आज हात जड केला. सासऱ्यांनी विचारलं, "किती जणी होतात?"
म्हटलं, मी एकटीच. बहुतेक.