कडुनिंबाचं च्युइंगगम आणि माझी दाढ

३ फेब्रुवारी १९८६, वाशी
दाढ ठणकतेय. सुमेधा म्हणते, अहो, डेंटिस्टकडे जा. मी घाबरतो असा तिचा समज. भीती नाही, वेळ नाही. शिवाय मेहुण्याने अमेरिकेहून बिनसाखरेचं च्युइंगगम पाठवलंय. दातांना चांगलं म्हणे. त्यात आपला कडुनिंब घातला की जंतू खलास! अमेरिकेला हे सुचलं नाही.

५ फेब्रुवारी
कडुनिंब, तुळस, बाभळीची साल यांची पूड केली. तव्यावर गम वितळवून कालवली. तवा कामातून गेला. सुमेधा बरंच बोलली. संशोधकांच्या बायका बोलतातच.

६ फेब्रुवारी
चव जहर. तरी निश्चय पक्का. आजपासून ब्रश बंद, नाहीतर यशाचं श्रेय पेस्टला जायचं.

१० फेब्रुवारी
कडूपणावर तोडगा सापडला. प्रत्येक गोळीमागे गुळाचा खडा. गूळ म्हणजे काही साखर नव्हे. बेलापूरला ऑफिसात साहेबांनी मीटिंगमध्ये मला मुद्दाम खिडकीशी बसवलं. मान वाढतोय.

१२ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या वैजयंती मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी माझ्या आणि तुलनेसाठी सुमेधाच्या दातांवरून कापसाची काडी फिरवून नेली. काचेच्या बशीत जंतू वाढवून बघणार. माझ्या बशीत काही उगवणार नाही, याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सुमेधाच्या बशीत तुरळक ठिपके. माझ्या बशीत दहीभात.
बशांची अदलाबदल झाली असणार, असं मी म्हणालो. मॅडमनी विचारलं, दात कधी घासलेत? मी माझं तत्त्व समजावलं. त्या म्हणाल्या, "गम चघळल्याने लाळ सुटते, थोडा फायदा होतो. पाल्याचाही होत असेल. पण घासणं सोडून वर गूळ? तुम्ही जंतू मारले नाहीत, पाळलेत."
सुमेधा हसली नाही. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला."
सोमवारी बघू म्हणालो.

१६ फेब्रुवारी
विज्ञानासाठी एक शेवटची गोळी. गम बाहेर काढलं, तर त्यात अर्धी दाढ.

१७ फेब्रुवारी
डेंटिस्टकडे गेलो. खुर्चीत बसल्यावर सुमेधाचा हात मीच धरला, तिला धीर यावा म्हणून. तिच्या दोन बांगड्या फुटल्या. उरलेली दाढ काढली.
बसस्टॉपवर ती म्हणाली, आता रोज माझ्यासमोर दात घासायचे. यावर माझे काही मुद्दे होते. पण तोंडात कापूस. घरी येईपर्यंत ती एकटीच बोलत होती. इतक्या आनंदात तिला मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.